काही नाही, अशक्तपणा आहे

ओपीडीत नंबर लागतो. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" बाई म्हणते, "अशक्तपणा आहे, हातपाय गळतात, कंबर दुखते." मागे रांग दारापर्यंत आलेली असते. केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या जातात, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, फार तर एखादं इंजेक्शन. "काही नाही, काम जास्त होतंय. आराम करा." साखरा गावातून एसटीनं सेनगावला नाहीतर हिंगोलीला गेलेली बाई दुपारी परत येते आणि खुरपं घेऊन सोयाबीनमध्ये उतरते. शेवटची पाळी कधी आली होती, किती दिवस चालली, घाम येतो का, केस गळतात का, यातलं काहीच कुणी विचारलेलं नसतं.

असं पुन्हा पुन्हा झालं की बाईला वाटायला लागतं, आपल्याच मनाचे खेळ असतील. ते खरं नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी स्त्रीरोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासात जंतुसंसर्गापासून पाळीच्या तक्रारींपर्यंत सगळंच होतं. दुखणं खरं होतं, तपासलं मात्र कुणी नव्हतं.

आपल्या मराठवाड्यात हे दुर्लक्ष दोन रूपांत भेटतं. एक, "काही नाही". दुसरं याच्या अगदी उलट, "पिशवी काढून टाका". बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गोळ्या देऊन वाटेला लावणं आणि थेट ऑपरेशनच्या टेबलावर घेणं ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हींत मधली पायरी गाळलेली असते. नीट विचारणं आणि नीट तपासणं राहून जातं. ती पायरी आपण कशी मागून घ्यायची, ते क्रमानं पाहू.

सुरुवातीला हार्मोन म्हणजे काय, एवढं समजून घेऊ. गळ्यातली थायरॉइड, मेंदूखालची पिट्युटरी, पोटातली बीजकोषं अशा ग्रंथी रक्तात जी द्रव्यं सोडतात ती हार्मोन, म्हणजे संप्रेरकं. पाळी, वजन, झोप, केस, मन, हाडं या सगळ्यांवर त्यांचा ताबा असतो. म्हणून एकाच बिघाडाच्या तक्रारी अंगभर पसरतात, आणि डॉक्टरांना त्या विस्कळीत वाटतात.

पाळीचं सर्वसाधारण गणित असं. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत. वयात आलेल्या मुलींना पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होतं. याच्या बाहेर वारंवार जात असेल तर ते "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून सोडून देऊ नये. पाळीत इतकं दुखणं की शाळा बुडते, मजुरी बुडते, तेही सोसायची गोष्ट नाही. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं. हा आजार ओळखायला जगभर कित्येक वर्षं लागतात, आणि त्याचं मोठं कारण "पाळीत दुखतंच" हे उत्तर आहे.

आता पहिलं काम. घरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा, रोज रक्तस्राव होईल त्या दिवशी छोटी फुली. जास्त गेलं तर दोन फुल्या. दिवसात किती पॅड किंवा घड्या बदलल्या, तो आकडा बाजूला. दर तासा-दोन तासाला बदलावं लागत असेल, रात्री त्यासाठी उठावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर तेही. दुसऱ्या तक्रारींना एकेक अक्षर ठरवा, घामाला 'घ', झोप मोडली तर 'झ', डोकं दुखलं तर 'ड'. दोन-तीन महिन्यांची ही पानं डॉक्टरांपुढं ठेवली की "अधूनमधून होतं" या शब्दांपेक्षा ती कितीतरी जास्त बोलतात. भिंतीवर सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर वहीत करा.

नोंदीसाठी थांबायचं नाही, अशाही काही गोष्टी आहेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं, अगदी एक डाग, तरी त्याच आठवड्यात दाखवा. संबंधानंतर रक्त जाणं, स्तनात गाठ लागणं, याही तशाच. दिवस राहिले असण्याची शक्यता असताना पोटात कळा आणि रक्तस्राव, किंवा रक्त जाऊन चक्कर येणं असेल तर मात्र त्याच दिवशी. रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दुसरं काम औषधांची यादी. चूक सगळ्यात जास्त इथंच होते, कारण बाया ज्याला औषध मानतच नाहीत तेच बहुतेक वेळा कारण निघतं. सरकारी दवाखान्यात मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन घेतलं असेल तर पाळी अनियमित होते किंवा बंद होते. 'छाया' गोळ्यांनी पाळी लांबते. तांबीनं रक्तस्राव वाढू शकतो. आणि महालक्ष्म्या, घरचं लग्न, वारी अशा वेळी मेडिकलवरून आणलेल्या पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. त्या बंद केल्यावर जे रक्त जातं ते गोळीमुळं असतं, आणि डॉक्टरांना ठाऊक नसेल तर त्यांचा हिशेब पार चुकतो. या गोळ्या घेतल्याचं सांगायला लाजू नका. ॲसिडिटीच्या काही गोळ्या आणि मानसिक आजाराची काही औषधं प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वाढवतात, त्यानंही पाळी चुकते. नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटं जपून ठेवा आणि तीच घेऊन जा.

सोबत बाळंतपणांचा इतिहासही आणा. किती, कधी, कसं झालं, गर्भपात झाला का, आणि विशेष म्हणजे बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का.

हे शेवटचं का विचारायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण ते सहसा कुणी विचारत नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर पिट्युटरी ग्रंथीला रक्त कमी पडून ती निकामी होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, थंडी सोसत नाही, काखेतले केस गळतात, बीपी कमी राहतं, काम होत नाही. घरचे म्हणतात बाळंतीण नीट सावरली नाही. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. वर्षानुवर्षं सलाईन लागत राहतं. एरवी थायरॉइडसाठी टीएसएच ही एकच तपासणी पुरेशी असते, पण इथं बिघाड टीएसएच सोडणाऱ्या पिट्युटरीतच असल्यानं ती नॉर्मल दिसू शकते आणि सगळेच फसतात. अशा वेळी टी-४ आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं तपासावी लागतात. म्हणून आपण स्वतःहून म्हणावं, "बाळंतपणात लई रक्त गेलं होतं, दूध आलंच नव्हतं, तेव्हापासून पाळी नाही." एवढ्या एका वाक्यानं चांगल्या डॉक्टरांचे कान टवकारतात.

तिसरं, जायचं कुठं. गावातल्या आशाताईंशी आधी बोला. कोणत्या दवाखान्यात कोणते डॉक्टर कोणत्या वारी बसतात, हे त्यांना माहीत असतं, आणि नसलं तर त्या विचारून सांगतात. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्या रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन पाहू शकतात आणि ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, सेनगावचा सरकारी दवाखाना, मग हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. तरी मजुरीचा दिवस जातो, आणि हळद शिजवायच्या दिवसांत तर घरातून निघणंच होत नाही. म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी फोनवर विचारून घ्या. तज्ज्ञ नसलेल्या दिवशी गेलेली फेरी फुकट जाते आणि पुढच्या वेळी घरचे नको म्हणतात.

आता आत गेल्यावर. पहिल्या वाक्यात "अशक्तपणा" म्हणू नका, तो शब्द ऐकला की हात आपोआप लोहाच्या गोळ्यांकडं जातो. सगळ्यात जास्त त्रास देणारी एक गोष्ट, ती कधीपासून, आणि तिच्यामुळं काय होत नाही, एवढं आधी सांगा. "सहा महिन्यांपासून पाळी दहा-दहा दिवस जाते, दिवसाला आठ घड्या लागतात, दोन मजले चढले की दम लागतो." मग कॅलेंडरची पानं पुढं करा. बाकीच्या तक्रारी त्यानंतर.

सोबत कुणाला न्यावं यावर माझं ठाम मत आहे. पुष्कळदा सासू किंवा नवराच बोलतो आणि बाई खाली बघत बसते. सोबत असावं, पण बोलावं आपण. अंगावरून पांढरं जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं असं काही असेल तर "मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय" म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत दुसरी स्त्री हजर असावी, हाही हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. आणि आतून तपासायचं म्हटलं तर नकार देण्याआधी दोन मिनिटं विचार करा. पुष्कळ निदानं त्या तपासणीशिवाय होतच नाहीत.

पुढं तपासण्या. हिमोग्लोबिन सगळ्यात आधी. दिवस गेलेले नसताना ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत ते कमी आढळलं, त्यामुळं डॉक्टरांचा अंदाज बरेचदा बरोबरही निघतो. चूक पुढं होते. रक्त कमी का, हे कुणी शोधत नाही. पाळीत वाहून जात असेल तर गोळ्या वर्षभर खाल्ल्या तरी भरून येणार नाही.

पाळी चुकली असेल तर लघवीची गर्भ तपासणी, मग टीएसएच, रक्तातली साखर, गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन आणि पोटाची सोनोग्राफी. केस, त्वचा आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, तेव्हा तपासणीआधी सांगा.

सोनोग्राफीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. रिपोर्टवर 'पीसीओडी' छापून आलं की तरुण मुलीच्या घरी रडारड होते. पीसीओएस हे निदान एकट्या सोनोग्राफीवर होत नाही. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकाची लक्षणं म्हणजे हनुवटीवर केस किंवा फार पुरळ, आणि सोनोग्राफीतली बीजकोषं, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी हव्यात, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिनचा बिघाड नाही याची खात्री हवी. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर सोनोग्राफीवरून हे ठरवूच नये, कारण त्या वयात बीजकोषांचं चित्र तसंच दिसतं. "लग्न झालं की होईल बरं" हे उत्तरही स्वीकारू नका. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यावर औषध लागतं, आणि साखर तर पुढंही तपासत राहावी लागते.

थायरॉइड कमी पडत असल्याचं निघालंच, तर गोळी घ्यायची रीत नीट शिकून घ्या. सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी किमान चार तासांनी. आपल्याकडं डॉक्टर तिन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर लिहितात आणि बाई त्या एकदमच गिळते. मग थायरॉइडची गोळी अंगाला लागतच नाही, डोस वाढवला जातो, किंवा "तुम्ही गोळी घेतच नाही" असं ऐकावं लागतं. बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायची. ती नॉर्मल आली म्हणजे गोळीनं काम केलं, गोळी बंद करायची वेळ झाली असं नाही.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायांची उपेक्षा मला सगळ्यात जास्त टोचते. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. त्याआधी काही वर्षं पाळी हुकते, एकदम छातीतून चेहऱ्यापर्यंत गरम वाफ उठते, घाम फुटतो, मग थंडी वाजते. छाती धडधडते, झोप मोडते, सांधे धरतात, लघवीला जळजळतं, चिडचिड होते. धडधडीसाठी ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, आणि बाईला सांगतात, "टेन्शन घेऊ नका." ईसीजी काढणं बरोबरच आहे. पण तो नॉर्मल आल्यावर पुढचा प्रश्न पाळीचा हवा. पंचेचाळीस ओलांडलेल्या बाईला ही लक्षणं असतील तर निदानाला महागड्या संप्रेरक-तपासण्या सहसा लागत नाहीत. उलट चाळिशीच्या आत पाळी बंद पडत असेल तर तपासण्या झाल्याच पाहिजेत.

यावर उपचार आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल भीती पसरली, ती अजून पुरती गेलेली नाही. पुढच्या अभ्यासांतून असं दिसलं, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला फार त्रास होत असेल तर सहसा फायदा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गाठ, यकृताचा गंभीर आजार झालेल्यांनी किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असताना त्या घ्यायच्या नाहीत. संप्रेरकांशिवायचीही औषधं आहेत, आणि नुसत्या कोरडेपणाला लावायचं मलम मिळतं. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोलता येतं. मनाच्या औषधात कमीपणा नाही, फक्त शरीर तपासण्याऐवजी ते हातावर ठेवलेलं नसावं.

आणि पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर? कॅन्सर किंवा न थांबणारा रक्तस्राव अशा काही कारणांसाठी ऑपरेशन खरंच लागतं. पण आधी विचारा: नेमका आजार काय, रिपोर्टमध्ये कुठं लिहिलाय? गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय का? रक्त कमी जाण्याच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, यातलं काय करून पाहिलं? बीजकोषं ठेवणार की काढणार? बीजकोषं काढली की तिशीतल्या बाईलाही पाळी जाण्याची सगळी लक्षणं दुसऱ्याच दिवसापासून सुरू होऊ शकतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. पांढरं जाणं बरेचदा जंतुसंसर्गानं असतं, त्याला गोळ्या पुरतात, काही वेळा नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. "पुढं कॅन्सर होईल" एवढ्याच धाकावर सही करू नका. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. ऑपरेशन आधीच झालं असेल तर काय काय काढलं, ते डिस्चार्ज कार्डावर पाहून ठेवा.

उत्तर "काही नाही" असंच आलं तर शांतपणे तीन गोष्टी विचारा. "यात तुम्हाला कोणता आजार नाही असं वाटतं? कोणत्या तपासणीवरून? या गोळ्यांनी किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढं काय?" तिसऱ्याचं उत्तर केसपेपरवर लिहून मागा. पुढच्या वेळी डॉक्टर बदललेले असले तरी कागद बोलतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नाही, सनदेत तोही हक्क आहे. कागदपत्रं लेखी मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. दवाखान्यात वागणूक वाईट मिळाली तर वैद्यकीय अधीक्षकांकडं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांक आहे.

हिंगोलीहून पुढं नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं तर रेफरची चिठ्ठी, सोनोग्राफीच्या फिल्म, रक्ताचे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून, गोळ्यांची पाकिटं आणि कॅलेंडरची पानं सोबत न्या. मूळ कागद तिथं जमा करून घेतले जाऊ शकतात, म्हणून निघण्याआधी सगळ्यांची झेरॉक्स काढून घरी ठेवा, आणि मुलीकडून मोबाइलवर फोटोही काढून घ्या.